बनियनमधला संतप्त ग्राहक

काचेची बाटली हे हत्यार असतं, एवढी एक गोष्ट सोडून आमच्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये सगळं शिकवलं. बाटली किती गार असावी, दुकानात ती कुठल्या फळीवर ठेवावी म्हणजे गिऱ्हाइकाची नजर जाईल, दुकानदाराशी बोलताना टायचं टोक बेल्टच्या किती वर असावं, सगळं. भरलेली बाटली हलवून फेकली की ती नुसती फुटत नाही, उडते, हे मात्र मला शहरानं फुकटात शिकवलं होतं. आमच्या लहानपणी हैदराबादेत कुठं काही पेटलं की आधी सोडावाल्याचं दुकान फुटायचं. चाकू-तलवारी नंतर निघायच्या. एकदा गच्चीवरून तमाशा बघताना एक बाटली वडिलांच्या कानाजवळून गेली आणि मागच्या पाण्याच्या टाकीवर फुटली, तेव्हा त्यांनी आधी मला खाली दाबलं आणि मग तिथंच बदडलं. एवढं सगळं माहीत असूनही पुढं जे केलं ते मीच केलं.

आमचं घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतीतलं. आजोबा निजामाच्या अमलात नोकरीसाठी इकडे आले आणि चिक्कडपल्लीत राहिले. त्यामुळे घरात मराठी, दारात उर्दू आणि बाजारात तेलुगू असा माझा संसार. उदारीकरणाची दारं उघडली, परदेशी शीतपेयाची कंपनी शहरात उतरली, आणि मुलाखतीत मी छाती फुगवून सांगितलं की मला चार भाषा येतात. त्यातली चौथी इंग्रजी, तीही येते म्हणण्याइतकीच. पण मला घेतलं. सुलतान बाजार आणि आसपासचा इलाखा माझ्याकडे दिला, लाल शर्ट दिला, त्याच्या खिशावर कंपनीचं नाव भरलेलं, आणि कमरेला पेजर. तो वाजला की मी एसटीडी बूथ शोधत पळायचो. लोकांना वाटायचं, डॉक्टर आहे.

साहेब पुण्याचे. माझ्या मराठीनं त्यांचं डोकं दुखायचं. "अहो, 'हौ' काय? 'हो' म्हणा. आणि 'परेशान झालो' नाही, 'त्रासलो'." मी म्हणायचो, "हौ सर."

गाडी चालवायला उस्ताद. सगळे त्याला उस्तादच म्हणत. पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी, तोंडात पान. माणूस ट्रान्सपोर्टवाल्याचा, गाडीही ट्रान्सपोर्टवाल्याची, पण रंग आणि नाव आमच्या कंपनीचं, त्यामुळे उस्ताद स्वतःला कंपनीचाच समजायचा. बाजारातल्या अरुंद गल्लीत तो गाडी उलटी घ्यायचा ते बघायला लोक थांबत. आरशात न बघता, मान बाहेर काढून, एका डोळ्यानं भिंत आणि दुसऱ्यानं दुकानाची पायरी बघत. "साब, ये दो आँखां है ना, ये मेरा लायसन है," असं म्हणायचा. मला त्याचा हेवा वाटायचा, कारण मला सायकलही सरळ चालवता यायची नाही.

मग त्या वर्षी कंपनीच्या मूळ देशानं दूरच्या एका देशावर बाँब टाकले. आमचा त्याच्याशी काय संबंध? पण बाटलीवर नाव त्यांचं होतं. शहरातल्या एका बाजूनं जाहीर केलं, बाँब टाकणाऱ्यांचं पाणी पिऊ नका. दुसऱ्या बाजूनं जाहीर केलं, परदेशी माल वापरू नका, स्वदेशी वापरा. या दोन बाजूंचं माझ्या उभ्या आयुष्यात एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं, आणि ते आमच्या बाटलीवर झालं. दोघांनीही बंदसाठी एकच दिवस धरला.

परदेशातून फॅक्स आला. साहेबांनी तो आम्हाला वाचून दाखवला. कंपनी राजकारणावर काही बोलणार नाही. कंपनी जिथं आहे तिथली होऊन राहते. आणि अशांत भागात कंपनीचा माल लोकांच्या नजरेला पडू नये.

"म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे बंदच्या आधी बाजारातून बाटल्या उचलायच्या. भरलेल्या, रिकाम्या, सगळ्या," साहेब म्हणाले. "सुलतान बाजार कोण करणार?"

माझा हात वर. नेहमीप्रमाणे, विचाराच्या आधी. म्हणालो, "सर, गल्ली न् गल्ली माझी आहे. मोर्चा निघायच्या आत बाजार साफ करतो."

आता बघा, बाटल्या जिथं होत्या तिथं बऱ्या होत्या. कापडवाल्याच्या दुकानामागं दोन क्रेट, पुस्तकवाल्याच्या माळ्यावर एक, चहावाल्याच्या बाकाखाली चार. सगळ्यांची शटर बंद राहणार होती. मोर्च्याला दगड शोधत फिरावं लागलं असतं. मी बंदच्या दिवशी सकाळी त्या सगळ्या बाटल्या गोळा करून एका गाडीवर रचल्या, आणि ती गाडी बाजाराच्या मधोमध उभी केली. आमच्या गाड्या दोन्ही बाजूंनी उघड्या असत, फिरतं दुकान दिसावं म्हणून. उन्हात सगळ्या बाटल्या कशा चकाकत होत्या! कुणी कमिटी नेमून दारूगोळ्याची सोय केली असती तरी इतकी सुबक झाली नसती.

निघायला उशीर झाला. किल्ल्या घेऊन दुकानदार आरामात आले, आणि मलाच मोह आवरेना. अजून एक गल्ली, अजून एक दुकान. उस्ताद केबिनमध्ये बसून हॉर्न वाजवत होता. "साब, बस करो, आज शादी नै है बाटलां की!" मी म्हणालो, "फक्त तो कोपऱ्यावरचा पानवाला." पानवाल्याकडून क्रेट उचलून वळलो तर एका टोकाकडून काळे झेंडे येताना दिसले. दुसऱ्या टोकाला उस्तादनं मान काढून बघितलं, तिकडून भगवे. दोन्ही मोर्चे एरवी समोरासमोर आले असते तर एकमेकांची डोकी फोडली असती. आज मध्ये आमची गाडी होती.

पहिली बाटली कुणी उचलली ते दिसलं नाही. पण पहिली निघाली की बाकीच्या निघायला वेळ लागत नाही. खण्णकन आवाज, मग दुसरा, मग आवाज वेगळे ऐकू येईनात. बोनेटवर, रस्त्यावर, शटरवर. तोंडाला लाल फेस आलेल्या बाटल्या दोन्हीकडून सुटत होत्या. एका पोराच्या हातातच एक फुटली आणि तो आपल्या बोटांकडे बघत बसला. थोड्या वेळानं गाडी विसरून दोन्ही मोर्चे एकमेकांवर सुटले, गाडी नुसती कोठार म्हणून मधे. एक म्हातारा झेंड्याची काठी दोन्ही हातांनी धरून दिसेल त्याच्या पाठीत घालत होता, आपला-परका न बघता. आणि उस्ताद केबिनमध्ये. त्यानं काचा वर केल्या होत्या, दारं आतून लावली होती, आणि स्टिअरिंगवर छाती टेकून तो वाकला होता.

मी क्रेट टाकला आणि समोरच्या एसटीडी बूथमध्ये घुसलो. बूथवाला टेबलाखाली. मी उभ्यानंच साहेबांना फोन लावला.

"सर, गाडी घेरली. उस्ताद आत आहे. पोलिसांना सांगा, लौकर सांगा."

"थांबा, दुसऱ्या फोनवर हेड ऑफिस आहे," साहेब म्हणाले. मग, "गाडीवर आपलं नाव दिसतंय का?"

"सर, उस्ताद आत—"

"ते कळलं हो. नाव दिसतंय का? फोटोवाले आहेत का तिथं?"

मी काचेतून बघितलं. "दोन्ही आहेत सर."

"मग काहीतरी करून ते नाव झाका. आणि तुमचा शर्ट! आपला शर्ट घालून तिथं उभे राहू नका!"

त्या क्षणी मला कळलं की माझ्या छातीवरही तेच नाव आहे. मी शर्ट आणि टाय काढून बूथवाल्याच्या अंगावर टाकले आणि बनियनवर बाहेर आलो. मनात बेत असा: घोळक्यातलाच एक होऊन गाडीपर्यंत जायचं आणि पलीकडच्या दारानं उस्तादला काढायचं. पण रिकाम्या हातानं पुढं सरकणाऱ्या माणसाकडं लोक संशयानं बघायला लागले. एकानं माझी मान धरली. "तू किदर का है बे?" मी काय केलं? खाली पडलेली एक बाटली उचलली आणि ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, बहुतेक दोन्ही बाजूंच्या घोषणा एकदम दिल्या. आणि गाडीवर बाटली मारली. नेम धरला होता मागच्या फळीवर. लहानपणी गोट्यांत, क्रिकेटमध्ये, कैऱ्या पाडताना मी कधी धरलेल्या जागी मारू शकलो नाही. बाटली केबिनच्या खिडकीवर गेली, काच आत कोसळली, आणि आतून उस्तादचा आवाज आला. तसला आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

दार उघडून तो बाहेर पडला तेव्हा एक हात डोळ्यावर होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. दुसऱ्या डोळ्यानं त्यानं मला बघितलं. बनियनवर, हात अजून वर. "साब?" एवढंच म्हणाला.

मी त्याच्याकडे धावणार तोच पोलिसांच्या गाड्या आल्या. लाठ्या फिरल्या. माझ्या खांद्यावर एक बसली, मग पाठीत, आणि पुस्तकवाल्यानं शटर हातभर वर करून माझा पाय धरून मला आत ओढलं, मेलेलं जनावर ओढतात तसं. शटरखालच्या फटीतून मला फक्त पाय दिसत होते. खाकी पायांच्या मधे उस्तादच्या चपला रस्त्यावरून घासत गेल्या आणि व्हॅनमध्ये चढल्या. मागं कुणीतरी गाडीला काडी लावली. त्याचं लायसन डॅशबोर्डात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला. पहिल्या पानावर फोटो. मागं आमची गाडी, कंपनीचं नाव अर्धं, आणि पुढं बनियनमधला एक माणूस, तोंड वासलेलं, हात हवेत, चेहऱ्यावर असा काही क्रोध की मलाच भीती वाटली. मी पेपर घडी घालून उशीखाली ठेवला. बायकोनं चादर काढताना तो काढला, बघितला, आणि म्हणाली, "हे बनियन मी ओळखते. काखेतलं भोक बघा. टाकून द्या म्हणून किती वेळा सांगितलं?"

"दुसऱ्या कुणाचं असेल."

"अहो, भोक माझ्या ओळखीचं आहे," ती म्हणाली. मग फोटो पुन्हा बघून, "आणि उस्ताद कुठं आहेत?"

उस्ताद सरकारी दवाखान्यात होता. पलंगाच्या दांडीला त्याचा हात बेडीनं बांधलेला, डोक्याला पट्टी, पट्टीतून पिवळंलाल काही झिरपत होतं. शेजारी शिपाई. वॉर्डमध्ये त्या दिवशी जो जखमी तो आरोपी, असाच हिशेब होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काच डोळ्यात आहे, इथं निघायची नाही, डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात आजच्या आज हलवा, नाहीतर डोळा जाईल.

"मग हलवा ना!"

"शिपायाला विचारा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

शिपायानं सांगितलं ते असं. कंपनीनं पोलिसांना लिहून कळवलं होतं की आमची गाडी समाजकंटकांनी पळवली, आमची सगळी माणसं सुखरूप आहेत. आणि गाडीच्या केबिनमधून उतरताना सापडला कोण? हा. म्हणजे गाडी पळवणारा हाच. ट्रान्सपोर्टवाला गाव सोडून गेलेला. "तुमच्या कंपनीचा मोठा माणूस येऊन सांगू दे की हा आमचा ड्रायव्हर आहे," शिपाई म्हणाला. "मग बेडी काढतो."

उस्ताद उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होता. "साब, निशाना तो तुमाराच था ना?"

"हौ उस्ताद."

"मैं बोला बी था सबकू. कोई मानता नै. बोलते, कंपनी का साब कायकू कंपनी की गाडी मारेगा." हसायला गेला आणि दुखून थांबला. "जल्दी करो साब. उजाला कम होरा."

मी रिक्षानं साहेबांना शोधत हॉटेलात गेलो. तिथल्या हॉलमध्ये बैठक चालू होती. परदेशातून एक तज्ज्ञ आला होता. जिथं कंपनीच्या काचा फुटतात तिथं हा उतरायचा, असं मला नंतर कळलं. आमच्याकडे तो दुसऱ्याच कुठल्या देशातल्या काचा आटोपून आला होता. गोरा, मृदू आवाजाचा, फार चांगला माणूस. त्यानं भिंतीवर प्रोजेक्टरनं चित्र लावलं होतं. ते चित्र म्हणजे मी. भिंतभर. काखेतल्या भोकासकट.

तो म्हणत होता की या माणसाचा राग समजून घ्या. त्याच्या डोळ्यांत बघा. शतकांचा अपमान आहे तिथं. हा संतप्त ग्राहक आहे. त्याला आपण ऐकलं नाही. त्याच्या सणात आपण नाही, त्याच्या पतंगावर आपण नाही, त्याच्या गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आपण नाही. हा माणूस आपला झाला पाहिजे.

सगळे माना हलवत होते. मी दारात उभा होतो, कपड्यांत होतो, म्हणून कुणी ओळखलं नाही. साहेबांनी मात्र एकदा भिंतीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा रंग उतरला.

मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, "सर, तो मी आहे. आणि त्या खिडकीच्या आत आपला ड्रायव्हर होता."

"खाली बसा," साहेब मराठीत म्हणाले. "अहो, खाली बसा आधी."

"सर, फक्त तो आपला आहे एवढं येऊन सांगा. डोळा जातोय त्याचा."

"माणसं सुखरूप आहेत असं हेड ऑफिसनं जगभर कळवलंय. आता काय सांगू, एक शिल्लक राहिला होता म्हणून?"

माझं इंग्रजी तज्ज्ञाला कळलंच नव्हतं. त्यानं विचारलं, हे काय म्हणताहेत? साहेब इंग्रजीत म्हणाले, तो म्हणतोय, त्यालाही कधीकधी या माणसासारखा राग येतो. तज्ज्ञ उठून माझ्यापाशी आला, खांद्यावर हात ठेवला, नेमका लाठी बसलेल्या खांद्यावर, आणि मन मोकळं केल्याबद्दल माझे आभार मानले.

मी कळवळलो, त्याचा हात झटकला आणि साहेबांची टाय धरून ओढली. आयुष्यातली माझी एकमेव मर्दुमकी, पण टाय निघाली रबरवाली, शाळेच्या पोरांची असते तशी. हातभर ताणली गेली, सुटली, आणि फाट्कन त्यांच्या गळ्यावर बसली. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. साहेबांनी माझ्या कानाखाली मारली. मी त्यांना ढकललं, ते प्रोजेक्टरवर गेले, आणि भिंतीवरचा मी छतावर गेलो. मग वॉचमननं मला लाथ घालून बाहेर काढलं. घरून निघताना घेतलेला पेपर मात्र मी हातातून सोडला नव्हता.

ठाण्यात पोचलो तर कोठडीत सगळे बनियनवाले. सकाळपासून सुलतान बाजारात ज्याच्या अंगात बनियन दिसेल त्याला उचलत होते, कारण वरून हुकूम होता, फोटोतला माणूस हजर करा. एक इस्त्रीवाला रडत होता की मी तर घरातच बनियनवर होतो. इन्स्पेक्टरनं मला विचारलं, "एवरु नुव्वु?" कोण तू. मी टेबलावर पेपर ठेवला, शर्टाची बटणं काढली, काखेतलं भोक दाखवलं आणि म्हणालो, "नेनु." मी.

तो खुर्चीतून उठला आणि आधी त्यानं मारलं, मग विचारलं. मी सांगत गेलो, गाडी कंपनीची, बाटल्या मीच भरल्या, ड्रायव्हर कंपनीच्या हुकमानं आत बसला होता, बाटली मी मारली. प्रत्येक वाक्याला एक रपाटा. मधे त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, या नावाच्या माणसानं काल राजीनामा दिलाय. इन्स्पेक्टरनं फोन ठेवला. त्याला कंपनीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला फोटोतला माणूस हवा होता आणि तो आपल्या पायांनी आला होता. "मग तो ड्रायव्हर कशाला अडकवून ठेवलाय?" मी विचारलं. त्यानं मला आणखी एक ठेवून दिली आणि वायरलेसवर दवाखान्यातल्या शिपायाला निरोप सांगितला, बेडी काढा, पाठवा त्याला डोळ्याच्या दवाखान्यात. तोवर बाहेर दिवेलागण झाली होती. इस्त्रीवाल्याला सोडलं. जाताना तो माझ्या पोटात एक गुद्दा मारून गेला, आणि कुणी त्याला अडवलं नाही.

मला जामीन मिळेपर्यंत कंपनीचं पत्रक आलं होतं की तो इसम कंपनीच्या मूल्यांचं प्रतिनिधित्व करत नाही. बायकोनं ते मला गजांपलीकडून वाचून दाखवलं. तिला 'मूल्यांचं प्रतिनिधित्व' म्हणताना हसू आलं, मग रडू आलं, मग तिनं कागदाचा बोळा करून माझ्यावर फेकला. तिचा नेम चांगला आहे.

बाहेर आलो त्या दुपारी ठाण्याच्या पायऱ्यांसमोर उस्ताद उभा होता. नवी पांढरी पट्टी, दाढी कुणीतरी नीट केलेली, एकटाच. कसं आहे ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं, पण तो आधीच चालत आला, समोर थांबला आणि पान थुंकला. मग उजवा हात खांद्यापासून मागं नेला आणि जेवढा जोर होता तेवढ्यानं माझ्या थोबाडाच्या रोखानं फिरवला.

हात माझ्या नाकासमोरून गेला. वाराच लागला फक्त. तो स्वतःच त्या झोकानं अर्धा वळला. मग त्यानं हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हाताकडे. ज्यानं गल्लीत गाडी उलटी घेताना कधी भिंतीला रंग लावला नव्हता, त्याला आता एका डोळ्यानं समोरचं थोबाड किती लांब आहे ते कळलं नव्हतं.

शिपाई बघत होते. उस्तादनं हात पुन्हा मागं नेला, आणि मी जरा पुढं सरकलो.